हॅरी गॉस्लिनची कारकीर्द

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या भारतीय फौजांवरचं एक प्रकरण मराठीत आणत होते. अशा मजकुरात अनुवादकाचा सर्वांत जास्त वेळ खातात त्या याद्या. कुठली डिव्हिजन, तिच्यात कुठल्या ब्रिगेड, ब्रिगेडमध्ये कुठल्या पलटणी. आठव्या भारतीय डिव्हिजनच्या यादीत पंजाब, गुरखा, फ्रंटियर फोर्स अशी नावं होती. एकविसाव्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, म्हणजे जंगी पलटण. तिथं माझा हात जरा रेंगाळला. परमुलखात गावचं माणूस भेटावं तसं झालं.

त्याच पानावर तोफखान्याच्या रकान्यात आणखी एक नोंद होती. त्रेपन्नावी फील्ड रेजिमेंट, आणि पुढे कंसात बोल्टन. भारतीय डिव्हिजनमध्ये ब्रिटिश तोफखाना असणं नवलाचं नव्हतं. पण बोल्टन म्हणजे लँकेशायरमधलं सूतगिरण्यांचं शहर. सूत कातण्याचं ‘म्यूल’ हे यंत्र सॅम्युएल क्रॉम्प्टननं १७७९ मध्ये तिथेच तयार केलं, एवढंच मला त्या गावाबद्दल माहीत होतं. मी कोलकात्यात राहते. तुलनात्मक साहित्यात एम. ए. करायला जादवपूरला आले आणि इथलीच झाले. या शहरात फुटबॉलबद्दल काहीच न ऐकता वीस वर्षं काढणं अशक्य आहे. म्हणून बोल्टन म्हटल्यावर मला आधी बोल्टन वॉन्डरर्स हा क्लब आठवला. गंमत म्हणून शोधायला गेले, तर त्या कंसाच्या आत तो अख्खा क्लबच सापडला. क्लबचा कर्णधार, गोलरक्षक आणि बरेचसे खेळाडू त्या रेजिमेंटमध्ये तोफा चालवत होते. कर्णधाराचं नाव होतं हॅरी गॉस्लिन.

इंग्लंडच्या फुटबॉलच्या इतिहासात गॉस्लिनला मोठी जागा नाही. त्याचा जन्म १९०९ मध्ये डरहम परगण्यातल्या विलिंग्टन या गावी झाला. नॉटिंगहॅममध्ये बूट्स अ‍ॅथलेटिक या संघाकडून तो खेळायचा. १९३० मध्ये बोल्टननं त्याला २५ पौंडांना घेतलं. मोठ्या खेळाडूंसाठी क्लब हजारो पौंड मोजत होते, तेव्हाची ही किंमत. तो हाफबॅक होता. म्हणजे ना गोल करून टाळ्या घेणारा, ना गोल वाचवून. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा, मधली वाट अडवायची, असं त्याचं काम. १९३३ मध्ये बोल्टनचा संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. १९३५ मध्ये तो परत वर आला, आणि त्याच हंगामात एफए कपच्या उपांत्य फेरीपर्यंतही पोचला. या चढउतारात गॉस्लिन संघात टिकून होता. १९३६ मध्ये तो कर्णधार झाला. महायुद्ध सुरू होईपर्यंत त्याचे लीगचे तीनशेहून अधिक सामने झाले होते. पगाराला लीगनंच कमाल मर्यादा घातली होती, हंगामात आठवड्याला ८ पौंड. गिरणीतल्या कारागिरापेक्षा बरं, पण फार वेगळं नाही. खेळाडू राहायचेही त्याच गल्ल्यांमध्ये. शनिवारी दुपारी ज्याला ओरडून प्रोत्साहन दिलं, तोच सोमवारी रस्त्यात भेटायचा.

पुढचा प्रसंग समजून घ्यायला हे लक्षात ठेवावं लागतं. १९३९ च्या मार्चमध्ये हिटलरनं चेकोस्लोव्हाकियाचा उरलेला भाग गिळला. ७ एप्रिलला मुसोलिनीच्या फौजा अल्बानियात उतरल्या. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, बर्न्डन पार्क मैदानावर बोल्टनचा संडरलंडशी सामना होता. सामना सुरू होण्याआधी गॉस्लिननं ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि प्रेक्षकांशी तो बोलला. संकट मोठं आहे, पण डोकं शांत ठेवलं तर त्याला तोंड देता येईल. मात्र हे काम दुसऱ्या कुणावर सोडून चालणार नाही, प्रत्येकाला आपला वाटा उचलावा लागेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मग सामना झाला. त्यानंतर गॉस्लिन आणि त्याचे सहकारी टेरिटोरियल आर्मीत नाव घालायला गेले.

तारीख महत्त्वाची आहे. ब्रिटिश सरकारनं सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाची घोषणा केली ती २६ एप्रिलला, म्हणजे अडीच आठवड्यांनी. आणि तो कायदा होता वीस-एकवीस वर्षांच्या मुलांसाठी. गॉस्लिन एकोणतीस वर्षांचा होता. त्याला कुणीही बोलावलं नव्हतं.

यामागे पंचवीस वर्षांपूर्वीची एक जुनी बोच होती. १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावरही लीगचा हंगाम पुढे चालू राहिला. पोरं खंदकात मरताहेत आणि हे चेंडूमागे धावताहेत, अशी टीका तेव्हा वर्तमानपत्रांतून झाली. त्या डिसेंबरात मिडलसेक्स रेजिमेंटची एक पलटण खास फुटबॉलपटूंसाठी उभी करावी लागली. १९३९ मध्ये तसं पुन्हा ऐकून घ्यायची कुणाचीच तयारी नव्हती. तरीही जायच्या वाटा अनेक होत्या. मॅट बस्बी, जो मर्सर, स्टॅन कलिस असे नामांकित खेळाडू लष्करात कवायत आणि व्यायाम शिकवणारे झाले. ते कामही लागतच होतं, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता. बोल्टनच्या मंडळींनी मात्र गावातली तोफखान्याची रेजिमेंट निवडली, जिच्यात त्यांचे प्रेक्षकच भरती होत होते.

मी या प्रसंगाकडे बराच काळ संशयानं पाहत होते. माझ्या पिढीला मैदानात उभं राहून केलेल्या देशभक्तीच्या भाषणांची धास्ती वाटते, आणि ती उगाच नाही. लोकप्रिय माणसानं हजारोंना युद्धाला चला म्हणणं ही सोपी गोष्ट नव्हे. त्यातले काही परत येणार नसतात. पण गॉस्लिन ‘जा’ म्हणाला नाही, तो स्वतः गेला. आणि जिथे गेला तिथे पुढची साडेचार वर्षं राहिला. माझा संशय पूर्ण गेला असं नाही, पण त्या माणसावरून उठून तो त्या काळावर जाऊन बसला.

ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस नवा हंगाम सुरू झाला. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं आणि लीग थांबली. तोवर झालेले थोडे सामने निकालासकट रद्द करण्यात आले; अधिकृत नोंदींत तो हंगाम खेळलाच गेला नाही. खेळाडूंचे करार स्थगित झाले. काही आठवड्यांत फुटबॉल परत आलं, पण दुसऱ्याच रूपात. लांबचा प्रवास नको म्हणून जवळजवळच्या क्लबांचे प्रादेशिक गट पाडले. बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं प्रेक्षकांच्या संख्येवर मर्यादा आली. खेळाडूला सामन्यामागे ३० शिलिंग मिळू लागले. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे ‘पाहुणा’ खेळाडू. ज्याची छावणी जिथे असेल, तिथल्या क्लबकडून त्यानं खेळावं. संध्याकाळपर्यंत कोण येईल, कुणाची रजा रद्द होईल, काही सांगता येत नसे. १९४० च्या नाताळला ब्रायटनचा संघ नॉर्विचला पोचला तो अर्धामुर्धाच. उरलेल्या जागा नॉर्विचची पोरं आणि प्रेक्षकांतले सैनिक घेऊन भरल्या. निकाल लागला १८-०.

अशा काळात गॉस्लिन नॉर्विच आणि चेल्सीकडून पाहुणा म्हणून खेळला. त्याआधी तो फ्रान्सला जाऊन आला होता. १९४० च्या मे महिन्यात जर्मन रणगाडे घुसले, तेव्हा त्रेपन्नावी रेजिमेंट तिथे होती. डंकर्कच्या किनाऱ्यावरून जे सुमारे ३,३८,००० सैनिक परत आणले गेले, त्यांच्या माघारीत हे तोफखान्याचे लोकही होते. शत्रूचे चार रणगाडे निकामी केल्याचं श्रेय गॉस्लिनला दिलं जातं. त्याला लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. परत आल्यावर, इंग्लंडच्या किनाऱ्याचं रक्षण करता करता, तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला. एकदा नव्हे, चार वेळा.

आणि इथे नोंदीचा प्रश्न येतो. युद्धकाळातले आंतरराष्ट्रीय सामने अधिकृत धरले जात नाहीत. इंग्लंडकडून खेळणाऱ्याला ‘कॅप’ मिळते आणि खेळाडूच्या नावापुढे तिचा आकडा लिहितात. गॉस्लिनच्या नावापुढे शून्य आहे. आयुष्यात ज्या चार दुपारी त्यानं देशाचा शर्ट घातला, त्या हिशेबात नाहीत. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे. संघ पूर्ण ताकदीचे नसत, निवड रजेवर अवलंबून असे. पण लोकांनी त्या सामन्यांना खोटं मानलं नव्हतं. एप्रिल १९४४ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंड-इंग्लंड सामना पाहायला सव्वा लाखाहून जास्त माणसं आली होती.

आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना हा विरोधाभास एका ओळखीच्या नावावरून चटकन कळेल. डेनिस कॉम्प्टन आर्सेनलचा फुटबॉलपटूही होता. युद्धकाळात आणि युद्ध संपल्यानंतरच्या विजय-सामन्यांत मिळून तो इंग्लंडकडून बारा वेळा फुटबॉल खेळला. अधिकृत कॅप एकही नाही. हाच कॉम्प्टन सैन्याबरोबर भारतात आला, महूला होता, आणि होळकर संघाकडून रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात उतरला. मार्च १९४५, मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम. त्यानं नाबाद २४९ धावा केल्या, तरी सामना मुंबईनंच जिंकला. त्या २४९ धावा आजही त्याच्या प्रथम श्रेणीच्या एकूण धावांत धरलेल्या आहेत. तोच माणूस, तेच युद्ध, अंगावर तोच गणवेश. परक्या देशात, परक्या संस्थानाच्या संघाकडून केलेल्या धावा मोजल्या गेल्या. स्वतःच्या देशाकडून खेळलेलं फुटबॉल मोजलं गेलं नाही. नोंदवही म्हणजे इतिहास नव्हे, तो कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, हे मला याहून स्पष्ट दुसऱ्या उदाहरणात दिसलेलं नाही.

१९४२ मध्ये रेजिमेंट इजिप्तला गेली. अल् अलामीननंतर तिचा मार्ग इराककडे वळला आणि ती आठव्या भारतीय डिव्हिजनचा भाग झाली. तिथून माझ्या अनुवादातल्या त्या पानावर. या सगळ्या वाटेवर बोल्टनची मंडळी मिळेल त्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळत राहिली. वाळवंटात खेळली, इराकात पोलिश सैन्याच्या संघाशी खेळली. सप्टेंबर १९४३ मध्ये डिव्हिजन इटलीच्या टाचेवर, टारांटोला उतरली आणि एड्रियाटिक समुद्राच्या कडेनं उत्तरेकडे सरकू लागली.

तो मुलूख नकाशावर पाहिला की युद्धाची रीत कळते. डोंगरातून समुद्राकडे एकामागून एक नद्या येतात. त्रिन्यो, सांग्रो, मोरो. प्रत्येक नदीच्या पलीकडे चढण, आणि चढणीवर जर्मन. नोव्हेंबरच्या पावसानं सांग्रोला पूर आला, बांधलेले पूल वाहून गेले. डिसेंबरात मोरो नदीवर भारतीय सॅपर्सनी एक पूल उलट्या बाजूनं बांधला. अलीकडे वळायला जागाच नव्हती, म्हणून सामान पलीकडे, शत्रूच्या काठावर नेऊन तिकडून अलीकडे पूल आणला. त्या पुलाला ‘अशक्य पूल’ असंच नाव पडलं. त्या चिखलात मराठे होते, पंजाबी होते, गुरखे होते, केंटचे आणि एसेक्सचे लोक होते. आणि मागे, त्यांच्यासाठी गोळे टाकणाऱ्या तोफांमध्ये, बोल्टनच्या होत्या.

गॉस्लिन मात्र तोफांपाशी नव्हता. तो पुढच्या निरीक्षण ठाण्यावर होता. तोफखान्याच्या अशा अधिकाऱ्याचं काम मला समजून घ्यावं लागलं, कारण त्याला मराठीत सुटसुटीत शब्द सापडेना. तोफा मैलभर किंवा त्याहूनही मागे असतात, त्यांना लक्ष्य दिसत नाही. म्हणून एक अधिकारी पायदळाबरोबर पुढे जातो, शत्रू डोळ्यांनी पाहतो आणि बिनतारी यंत्रावर किंवा टेलिफोनवर मागे कळवतो : इतकं डावीकडे, इतकं लांब. पायदळाचा जीव त्याच्या नजरेवर असतो, आणि त्याचा स्वतःचा जीव पायदळाइतकाच उघडा. डिसेंबरच्या मध्यावर उखळी तोफेचा एक गोळा तो होता तिथल्या झाडांत फुटला. लोखंडाचा तुकडा त्याच्या पाठीत शिरला. १८ डिसेंबर १९४३ ला तो गेला. वय चौतीस.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बोल्टनचा आणखी एक खेळाडू, वॉल्टर साइडबॉटम, नौदलात असताना इंग्लिश खाडीत बुडालेल्या जहाजावर मरण पावला होता. तोफखान्यात गेलेले बहुतेक सहकारी मात्र परत आले. गोलरक्षक स्टॅन हॅन्सन परत येऊन इतकी वर्षं खेळला की १९५३ च्या एफए कप अंतिम सामन्यात गोलपोस्टखाली तोच होता. स्टॅन्ले मॅथ्यूजच्या नावानं ओळखला जाणारा तो सामना बोल्टन ३-४ असा हरलं. फुटबॉलच्या प्रत्येक इतिहासात त्या दुपारचं वर्णन आहे. त्यातला पराभूत गोलरक्षक अलामीन आणि सांग्रो पाहून आलेला होता, हे फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं आढळतं. बोल्टनच्या या सैनिक-संघाची हकीकत सांगणारं पुस्तक निघायला १९९६ साल उजाडावं लागलं. पुढच्याच वर्षी क्लबनं बर्न्डन पार्क सोडलं. जिथे तो ध्वनिक्षेपक हातात घेऊन उभा राहिला होता, तिथे आता मैदान नाही.

गॉस्लिनची कबर सांग्रो नदीच्या युद्ध-दफनभूमीत आहे. तिथे अडीच हजारांहून अधिक कबरी आहेत. आणि त्याच आवारात एक स्मारक आहे, ज्यांचे देह अग्नीला दिले गेले अशा भारतीय सैनिकांचं. इटलीत अशी तीन स्मारकं आहेत, त्यातलं हे एक. पाचशेहून अधिक नावं. नोंदवहीत हुद्दा आणि पलटण मिळते, आणि पुष्कळांच्या पुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही.

माझा अनुवाद संपल्यावरही मी त्या दोन नोंदी, कबर आणि स्मारक, बाजूला करू शकले नाही. दोघे एकाच डिव्हिजनचे, एकाच नदीकाठी पडलेले. एकानं भरती होताना मैदानभर लोकांना आपलं कारण सांगितलं होतं. दुसऱ्यांचं कारण कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या देशाला तर ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता युद्धात ओढलं होतं. तरी ते गेले. कुणी घरच्या रीतीनं, कुणी पगारासाठी, कुणी चार बिघे कर्जातून सोडवायला. त्यांच्यातही कुणी आपल्या तालमीचा मल्ल असेल, कुणी पंचक्रोशीतला हुतुतूचा गडी. जंगी पलटणीतल्या नामदेव जाधवांसारख्या एखाद्याला पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांचं नाव उरलं. बाकीच्यांचं दगडावर आहे.

गॉस्लिनच्या चार सामन्यांना कॅप नाही म्हणून हळहळणं सोपं आहे. मीही हळहळले. पण त्याला २५ पौंडांना घेतलं होतं, इथपर्यंत आपल्याला ठाऊक आहे. त्याच आवारातल्या स्मारकावरच्या माणसांबद्दल आपल्या हाती एक गाव आणि एक बाप आहे. अनधिकृत ठरण्यासाठीसुद्धा आधी कुणीतरी काहीतरी लिहून ठेवावं लागतं.

अनुवाद करताना ‘करिअर’ या शब्दासाठी मी सवयीनं ‘कारकीर्द’ लिहून टाकते. या वेळी जरा थांबले. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी रस्ता आहे, गाडीची वाट, धावपट्टी. ती मध्येच तुटली तर करिअर अर्धवट राहतं. आपला शब्द फारसीतून आला, त्याच्या मुळाशी ‘केलेलं काम’ आहे, आणि मराठीत तो आपण पेशवाईपासून अधिकारावरच्या माणसाच्या काळाला लावत आलो : अमक्याच्या कारकिर्दीत असं झालं. म्हणजे एखाद्यानं आपल्या जागेवर असताना काय केलं, हे विचारणारा शब्द. त्या अर्थानं गॉस्लिनची कारकीर्द १९३९ मध्ये थांबली नाही. तो बोल्टनचा कर्णधार होता, आणि डिसेंबर १९४३ पर्यंत, लेफ्टनंटच्या हुद्द्यावर, त्या जागेवरच होता.

माझ्या अनुवादात शेवटी मी एक लहानशी गोष्ट केली. मूळ मजकुरात यादीतली ती नोंद जशी होती तशीच ठेवली, कंसासकट. संपादकांनी विचारलं, मराठी वाचकाला हे बोल्टन कशाला? मी म्हटलं, राहू द्या. खालच्या ओळीत मराठा लाइट इन्फन्ट्री आहे ना, तिचे हे शेजारी.